शब्द टाकण्याची किंमत : ॲपसाठी रेफरल योजना कशी आखावी

मी चरोद्याहून बोलतोय. चरोदा म्हणजे छत्तीसगडातल्या भिलाईला लागून असलेलं रेल्वेचं गाव. रायपूरहून दुर्गकडे येताना मालगाड्यांच्या रांगाच रांगा उभ्या असलेलं मोठं यार्ड दिसतं, तेच आमचं.

छोटं ॲप काढलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "ॲप तयार आहे, चालतंय. जाहिरातीला पैसे नाहीत. मग 'मित्राला सांगा, पैसे मिळवा' अशी योजना लावू का?" आजच्या भागात त्याचंच उत्तर बघू. योजना जरूर लावा. पण बक्षिसाचा आकडा ठरवण्याआधी आपण नक्की काय विकत घेतोय, ते समजून घ्या.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी किराणा घरपोच देणारं एक ॲप आलं होतं. एक नवा माणूस आणला की आणणाऱ्याला शंभर रुपये. आमच्या शेजारी रेल्वे क्वार्टरमध्ये एक काकू राहतात, मूळच्या गोंदियाकडच्या. मी त्यांच्या फोनवर ते ॲप टाकून दिलं, माझा कोडही मीच भरला. पहिल्याच वेळी तूरडाळ आली, साखर आलीच नाही. तक्रार करायची कुठे, तेही त्यांना कळेना. काकू मला काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांच्या भाच्याकडून त्यांना कळलं, की मला त्यांच्यामागे शंभर रुपये मिळालेत. एके दिवशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अरे, तुला पैसे मिळतात हे सांगितलं असतंस तरी मी घेतलं असतं. लपवलंस कशाला?"

कंपनीचं एक गिऱ्हाईक गेलं. माझं मात्र जास्त गेलं. त्यानंतर कितीतरी महिने मी काकूंना साधा नळवालासुद्धा सुचवला नाही. सुचवायची हिंमतच होत नव्हती.

आपण काय विकत घेतोय?

मराठीत 'शब्द टाकणे' असा छान शब्दप्रयोग आहे. कुणासाठी तरी शब्द टाकला, की आपली पत आपण थोडी गहाण ठेवतो. लग्नाचं स्थळ सुचवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. संसार नीट चालला तर त्याची आठवण कुणी काढत नाही. बिघडला तर दोन्ही घरचे त्यालाच बोल लावतात. भिशीतही तेच. नवा माणूस घ्यायचा तर जुन्यापैकी कुणीतरी त्याची हमी घेतो.

रेफरल योजना ही याच जुन्या व्यवहाराची फोनवरची आवृत्ती आहे. जाहिरातीत तुम्ही लोकांचं लक्ष विकत घेता. रेफरलमध्ये तुम्ही तुमच्या गिऱ्हाइकाला सांगता, "माझ्यासाठी तुझा शब्द टाक." म्हणून योजना आखताना प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा : या नियमामुळे शब्द टाकणारा माणूस अडचणीत येईल का? माझा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकीचे हिशेब त्याच्या मागून येतात.

नागपूरचं उदाहरण

आमच्या गाडीमार्गावरच एक मोठं उदाहरण घडलेलं आहे. चरोद्याहून पश्चिमेला दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया करत गाडी नागपूरला जाते. त्या नागपुरात १४ एप्रिल २०१७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या दिवशी, पंतप्रधानांनी भीम ॲपसाठी रेफरल योजना जाहीर केली. भीम म्हणजे भारत इंटरफेस फॉर मनी. यूपीआयवर चालणारं हे सरकारी पाठबळाचं ॲप ३० डिसेंबर २०१६ ला आलं होतं. नोटाबंदीनंतरचे ते दिवस होते.

योजना अशी होती. तुम्ही कुणाला तरी भीम वापरायला शिकवायचं. त्या नव्या माणसाने तीन वेगवेगळ्या लोकांशी किमान तीन व्यवहार करायचे, आणि सगळे मिळून ते पन्नास रुपयांचे व्हायला हवेत. एवढं झालं की शिकवणाऱ्याच्या खात्यात १० रुपये आणि नव्या माणसाच्या खात्यात २५ रुपये जमा. दिवसाला वीस जणांना शिकवलं तर दोनशे रुपये मिळतील, असा हिशेब त्या भाषणात तरुणांना करून दाखवला गेला. दुकानदारांसाठीची कॅशबॅक योजनाही सोबत होती. दोन्हींसाठी मिळून ४९५ कोटी रुपयांची तरतूद, आणि मुदत सहा महिने. १४ एप्रिलपासून सहा महिने म्हणजे १४ ऑक्टोबर. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली, ती हीच तारीख.

या योजनेचे नियम बारकाईने बघा. छोट्या ॲपवाल्याला त्यातून चार गोष्टी शिकता येतात.

पहिली, पैसे डाउनलोडला नव्हते, वापराला होते. ॲप फोनवर आलं आणि कोपऱ्यात पडून राहिलं तर कुणालाच काही नाही.

दुसरी, तीन वेगवेगळ्या लोकांशी व्यवहार ही अट. दोन भावांनी एकमेकांना दहा-दहा रुपये पाठवत बसायचं आणि बक्षीस उचलायचं, हा रस्ता त्यामुळे अवघड झाला. शिवाय तीन जणांना पैसे पाठवेपर्यंत माणसाची भीती मोडते. अटीतच शिकवणी होती.

तिसरी, नव्या माणसाला जास्त आणि आणणाऱ्याला कमी. म्हणजे सांगणारा मोकळेपणाने म्हणू शकतो, "मला दहा मिळतील, तुला पंचवीस." यात लपवण्यासारखं काही उरतच नाही. मी काकूंना असं सांगू शकलो असतो.

चौथी, रक्कम आणि मुदत दोन्ही आधी जाहीर. योजना कधी संपणार हे माहीत असलं की कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आज यूपीआयचे बहुतेक व्यवहार फोनपे आणि गूगल पे यांच्यावरून होतात, भीमचा वाटा अगदी लहान आहे. नियम चांगले होते तरी माणसं शेवटी जे ॲप सोपं वाटलं, दुकानदाराकडे चाललं, तिथे गेली. रेफरल माणसाला दारापर्यंत आणतं. तो घरात थांबेल की नाही, हे घर कसं आहे त्यावर ठरतं. तुमच्या ॲपवरचे जुने लोकच टिकत नसतील तर रेफरलवर एक रुपयाही घालू नका. आधी ते का जातात ते शोधा.

हिशेब : पैसे कधी द्यायचे?

आता आकड्यांकडे वळू. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत. तुम्ही तुमचे घालून बघा.

समजा चरोद्यात कुणी घरगुती डब्यांचं ॲप काढलं. यार्डात रात्रंदिवस पाळ्या चालतात, घरापासून लांब राहणारी माणसं आहेत, म्हणजे डब्याला गिऱ्हाईक आहे. सगळा खर्च जाऊन एका डब्यामागे १५ रुपये उरतात. रेफरलचं बक्षीस ठरलं : आणणाऱ्याला ४० आणि नव्याला ४०, एकूण ८० रुपये.

पहिली पद्धत, डाउनलोड झालं की बक्षीस. दहा जणांनी डाउनलोड केलं, खर्च ८०० रुपये. त्यातले तिघेच नियमित डबा घेऊ लागले, बाकीच्यांनी उघडून बघितलं आणि विसरले. म्हणजे एक खरं गिऱ्हाईक पडलं जवळजवळ २६७ रुपयांना. तो खर्च भरून निघायला प्रत्येकाने १८ डबे घ्यायला हवेत.

दुसरी पद्धत, तिसऱ्या डब्यानंतर बक्षीस. दहापैकी तेच तिघे टिकले. खर्च २४० रुपये, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे ८०. तीन डब्यांत ४५ रुपये आधीच मिळालेले आहेत. आणखी तीन डब्यांत खर्च वसूल.

दुसऱ्या पद्धतीत एक अडचण आहे. पहिल्या डब्याला नव्या माणसाला काहीच मिळालं नाही तर तो येईल का? त्यावर मधला मार्ग असा : नव्याचे ४० रुपये तोडून द्या. पहिल्या डब्यावर २० सूट, तिसऱ्यावर २०. आणणाऱ्याचे ४० मात्र तिसऱ्या डब्यानंतरच. नवा माणूस समाधानी आहे याची खात्री झाल्यावर आणणाऱ्याला पैसे मिळतात. म्हणजे त्यालाही वाटतं, की आपण आणलेल्या माणसाला डबा वेळेवर मिळावा. तो स्वतःच त्याला फोन करून विचारतो, "काय, कसा होता?" अशी चौकशी कुठल्याही जाहिरातीत मिळत नाही.

आणखी एक गैरसमज. पुष्कळांना वाटतं, एक माणूस पाच आणेल, ते पाच पंचवीस आणतील, आणि वर्षभरात सगळं भिलाई आपल्या ॲपवर. तसं होत नाही. समजा तुमच्या १०० गिऱ्हाइकांनी मिळून ३० नवे आणले. त्या ३० जणांनी त्याच प्रमाणात ९ आणले, त्या नऊंनी ३. पुढे साखळी थांबते. एकूण झाले १४२. शंभराचे एकशे बेचाळीस होणं ही चांगलीच कमाई आहे. पण ती कमाई म्हणून धरा, चमत्कार म्हणून धरू नका.

बक्षीस कसलं असावं?

जगातली दोन प्रसिद्ध उदाहरणं बघू. पेपाल सुरू झालं तेव्हा त्यांनी नव्या माणसाला १० डॉलर आणि माणूस आणणाऱ्यालाही १० डॉलर रोख दिले. लाखो लोक आले, आणि पैसाही पाण्यासारखा गेला. त्यांच्यामागे गुंतवणूकदार उभे होते म्हणून ते परवडलं. पैसे पाठवण्याच्या ॲपला पैशाचंच बक्षीस शोभतंही. आपल्याकडे सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलचं तेज आलं, तेव्हा त्याचे ५१ रुपये घराघरांत पोचले. शुभकार्याच्या आहेरासारखा वरचा एक रुपया घालून त्यांनी आकडा आपलासा केला होता.

दुसरं उदाहरण ड्रॉपबॉक्सचं. फायली साठवायची ही सेवा जाहिराती देऊन गिऱ्हाईक मिळवत होती, तेव्हा एक गिऱ्हाईक त्यांना २३३ ते ३८८ डॉलरना पडत होतं. आणि विकायची सेवा होती वर्षाला ९९ डॉलरची. मग त्यांनी रेफरल आणलं. बक्षीस म्हणून साठवणुकीची जास्तीची जागा, दोघांनाही. नव्या नोंदणीत कायमची ६० टक्के वाढ झाली, असं संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी नंतर सांगितलं. सप्टेंबर २००८ मध्ये त्यांचे एक लाख वापरकर्ते होते, जानेवारी २०१० मध्ये चाळीस लाख.

छोट्या ॲपवाल्याने शक्यतो ड्रॉपबॉक्सच्या वाटेने जावं. बक्षीस आपल्याच मालात द्या. डब्याच्या ॲपने ४० रुपये रोख देण्यापेक्षा रविवारच्या डब्यात गोड पदार्थ जास्तीचा द्यावा. तुम्हाला तो कमी खर्चात पडतो, घेणाऱ्याला त्याची किंमत जास्त वाटते. आणि ज्याला तुमचा डबा नकोच आहे, फक्त पैसे हवे आहेत, तो आपोआप दूर राहतो. रोख बक्षीस जितकं मोठं, तितकी ॲपशी देणंघेणं नसलेली माणसं जास्त गोळा होतात.

कधी विचारायचं आणि काय लिहायचं?

बहुतेक ॲप्स नोंदणी झाल्याझाल्या विचारतात, "मित्रांना बोलवा!" अहो, अजून आम्हीच जेवलो नाही, पाहुण्यांना कसं बोलवणार? समाधानाचा क्षण आला की विचारा. सलग काही डबे वेळेवर पोचले, गिऱ्हाइकाने चांगला अभिप्राय दिला, की त्या वेळी हळूच एक ओळ दाखवा. नाही म्हटलं तर महिनाभर पुन्हा विचारू नका. भिडेखातर केलेली शिफारस कुणाच्याच कामाची नसते.

तुम्ही तयार करून दिलेला निरोपही महत्त्वाचा आहे. 'धमाका ऑफर, आत्ताच डाउनलोड करा, माझा कोड वापरा' असा निरोप कुणी आपल्या मावशीला पाठवेल का? तो माणसाच्या तोंडचा वाटतच नाही. त्याऐवजी असं काही द्या, आणि त्याला हवं तसं बदलू द्या :

"मी महिनाभर इथून डबा घेतोय. चव घरच्यासारखी आहे, वेळेवर येतो. या लिंकवरून घेतला तर पहिल्या आणि तिसऱ्या डब्यावर तुम्हाला २०-२० रुपये सूट आहे. तुम्ही तीन डबे घेतले की मलाही रविवारी एक गोड मिळेल."

शेवटचं वाक्य कधीही काढू नका. आपला फायदा आपणच आधी सांगितला की समोरचा हसतो आणि पुढे जातो. तोच त्याला दुसऱ्याकडून कळला तर ती दलाली वाटते.

आमच्या गावात मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया, सगळं बोललं जातं. रेल्वे आणि पोलाद कारखान्याने माणसं चहूकडून आणली. तुमच्या गावातही दोन-तीन भाषा असतील तर निरोप त्या सगळ्यांत तयार ठेवा. माणूस आपल्या माणसाशी आपल्या भाषेत बोलतो.

लबाडी आणि कायदा

बक्षीस आलं की लबाडी येणारच. दोन सिम, दोन नावं, एकच माणूस. ती रोखायला लोक फोनची ओळख तपासतात, एका पत्त्यावर एकच खातं असा नियम करतात. इथे जरा थांबा. क्वार्टरमध्ये राहणाऱ्या घरात एकच फोन आई, मुलगी आणि आजोबा वापरतात. खोलीवर चार तरुण एकाच पत्त्यावर राहतात. त्यांना थेट 'फसवणूक' असा लाल शेरा दाखवलात तर भली माणसं दुखावतात. साधा नियम ठेवा : एका घराला नव्या गिऱ्हाइकाचं बक्षीस एकदाच. आणणाऱ्याला महिन्याला जास्तीत जास्त पाच बक्षिसं. हे आधीच स्वच्छ लिहून ठेवा. संशय आला तर शेरा मारण्याआधी फोन करा. छोट्या गावातल्या ॲपला ते शक्य असतं.

दुसरी गोष्ट, एकाच पायरीवर थांबा. मी आणलेल्याने आणखी कुणाला आणलं, त्याचंही मला काही मिळेल, असं अजिबात करू नका. साखळीने पैसे फिरवण्याच्या योजनांवर आपल्याकडे १९७८ पासून कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत पिरॅमिड योजनांना स्पष्ट मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी छत्तीसगडात चिट फंडाच्या नावाखाली असंख्य घरं पोळली आहेत, महाराष्ट्रातही तीच कथा. त्या कंपन्यांचे एजंट बाहेरून आलेले नव्हते, ओळखीपाळखीचेच होते. म्हणूनच 'माणसं आणा, कमवा' हे शब्द ऐकले की आमच्याकडची बाई आधी दार लोटून घेते. तिची भीती खरी आहे. तुमची योजना तशी दिसतासुद्धा कामा नये.

तिसरी गोष्ट, फोनमधली सगळी नावं ओढून घेऊन त्यांना परस्पर संदेश पाठवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. काकूंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे म्हणजे तो तुमचा झाला नाही. कुणाला सांगायचं ते गिऱ्हाइकाने निवडावं, आणि निरोप त्याने स्वतः पाठवावा.

काय मोजायचं?

वहीत दर आठवड्याला पाच आकडे लिहा. किती जणांनी निरोप पाठवला. त्यातून किती जणांनी पहिली मागणी केली. किती जण तिसऱ्या मागणीपर्यंत पोचले. दोन महिन्यांनी त्यातले किती उरले. आणि पाचवा आकडा, जो सहसा कुणी मोजत नाही : ज्यांनी एकदा माणूस आणला, त्यांच्यापैकी कितींनी पुन्हा दुसरा आणला. दुसऱ्यांदा कुणी शब्द टाकत नसेल तर पहिल्या वेळी त्याला कुठेतरी खाली बघावं लागलं आहे. त्याला फोन करा. तुमच्या ॲपमधली खरी खोट तोच सांगेल.

आणि एक व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवा. रेफरलने आलेल्या माणसाची पहिली मागणी चुकली तर ती दुरुस्त करायला माणूस हजर हवा. त्याच दिवशी, न मागता. साखर राहिली तर संध्याकाळपर्यंत साखर पोचली पाहिजे, आणि ज्याने त्याला आणलं त्यालाही एक ओळ कळवा, की चूक आमची होती, दुरुस्त केली आहे. ती ओळ मला तेव्हा मिळाली असती तर मी काकूंना तोंड दाखवू शकलो असतो.

सुरुवात लहान करा. तुमची वीस जुनी, समाधानी गिऱ्हाइकं निवडा. त्यांना योजना तोंडी समजावून सांगा, एक महिना चालवा, वही बघा, मग सगळ्यांसाठी उघडा.

जाता जाता सांगतो. परवा काकूंना गॅसच्या शेगडीसाठी दुरुस्तीवाला हवा होता. मी एकाचं नाव दिलं आणि वर म्हणालो, "काकू, यात मला काही मिळत नाही बरं का." त्या म्हणाल्या, "मिळालं तरी घे रे, सांगून घे."

पुढच्या भागात बघू, आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या महिन्यात का जातं. नमस्कार.